वर सोडलेली जागा

घड्याळाच्या मनोऱ्याखाली शहरफेरीला आलेल्या सगळ्यांच्या हजेरीच्या सह्या झाल्या आणि पेंटरकाकांनी वही झोळीत टाकली. पानाच्या वर चार बोटं जागा कोरी, नेहमीप्रमाणे. तारीख आणि फेरीचा क्रमांक ते घरी निवांत बसून बोरूने लिहायचे. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, तो काय रस्त्यात उभ्या उभ्या खरडणार!

"चला, चला! डॉक्टर, पाय उचला. रोज लोकांचे दात उपटता, आज जरा तुमचाही जीव जाऊ द्या."

दातांचे डॉक्टर हसले. निवृत्त मुख्याध्यापिका टोपी सावरत पुढे झाल्या. सगळ्यांत मागे काकांची लेक. ती नगरपालिकेच्या उद्यान खात्यात होती आणि एरवी दर फेरीला बापाच्या बरोबरीने चालायची. आज मागे का, असं काकांनी विचारलं, तर म्हणाली, चप्पल चावतेय.

बंद पडलेल्या छापखान्याच्या पाटीखाली काका थांबले. "ही माझी पहिली पाटी. मालकाने मला तीनदा शिडीवरून उतरवलं. म्हणाला, अक्षर सरळ उभं राहत नसेल तर तू तरी शिडीवर कशाला उभा राहतोस?" पुढे जुना हौद, त्याच्या काठावरच्या दोरांच्या खाचा. काकांनी प्रत्येकाला त्या खाचेत बोट घालायला लावलं. मग बाग, आणि बागेच्या मागची तुतीची राई. फेरी संपायची ती तिथेच. एकोणचाळीस झाडं, आणि प्रत्येकाला काकांनी स्वतः रंगवलेली पत्र्याची छोटी पाटी. अकरा वर्षं ही सगळी पायपीट त्या राईसाठीच चालली होती. लोकांनी झाडं ओळखीची करून घेतली की त्यांना कुणी हात लावणार नाही, असं काकांना वाटायचं.

राईच्या फाटकाला कुलूप होतं. कुलपाच्या वर नोटीस.

मुख्याध्यापिकांनी मोठ्याने वाचली. राई तोडून तिथे वाहनतळ होणार. हरकतींची मुदत कालच संपलेली. सोबत स्थानिक नागरिकांच्या संमतीची प्रत.

"संमती? कुणी दिली मेल्यांनी?" असं म्हणत त्यांनी दुसरा कागद वर केला.

पहिली सही त्यांचीच होती. दुसरी डॉक्टरांची, शाईच्या डागासकट. खाली आणखी एकवीस. मागच्या फेरीचं पान, जसंच्या तसं. आणि वरच्या चार बोटांच्या जागेत, पाटीवर शोभावं अशा देखण्या अक्षरात, राई देऊन टाकल्याचं वाक्य.

सगळे काकांकडे वळले.

"या अक्षराच्या पाट्या बघत बघतच आलो आपण आत्ता," डॉक्टर म्हणाले. "काका, तुमचं आहे का हे? एवढंच सांगा."

काकांनी चष्मा पुसला आणि कागदाजवळ गेले. अक्षर त्यांचं वाटत होतं, पण वाक्याखाली दोन रेघा होत्या. काका एकच मारायचे. दोन रेघा मारणारं घरात एकच माणूस. बोरू धरायला शिकवला तेव्हा सहा वर्षांची होती. "एकच रेघ एकटी पडते, बाबा," म्हणायची.

मागच्या फेरीनंतर वही तिनेच नेली होती. शिवण उसवलीय, नीट करून आणते म्हणाली. दोन दिवसांनी आणली. काकांनी कौतुकाने सगळ्या शेजाऱ्यांना ती शिवण दाखवली होती, पानं मोजली नव्हती.

काकांनी मागे पाहिलं. लेक खाली वाकून चप्पल चाचपत होती.

"काका?"

"माझंच आहे," काका म्हणाले.

"अहो, केसाने गळा कापलात की आमचा!" मुख्याध्यापिकांचा आवाज चिरकला. "झाडांच्या गोष्टी सांगून सह्या घेतल्यात?"

डॉक्टर आधी निघाले, मग इतर. हौदाच्या वाटेने कुणी गेलं नाही, सगळे जवळच्या रस्त्याने गेले.

फाटकापाशी दोघंच उरली.

"बाबा, साहेब हटूनच बसले होते. सह्या आण, नाहीतर बदली. मी कुठे जाणार होते सगळं सोडून? आणि तुम्ही कशाला स्वतःवर घेतलंत? मी सांगितलं असतं..."

"कधी?"

ती रडायला लागली. काकांनी झोळीतून वही काढली, आजचं पान उघडलं आणि तिच्यापुढे धरली.

"घे. आजही वर जागा सोडलीये."