यॉर्कचे चार दिवस

“आणि तिसऱ्या दिवशी फक्त रेल्वे म्युझियम. आई कंटाळल्या तर त्यांना कॅफेत बसवा, पण तुम्ही पोटभर बघा, बाबा,” असं म्हणत आसावरीने यॉर्क शहराचा चार दिवसांचा छापील कार्यक्रम सासऱ्यांच्या हातात ठेवला.

रवींद्ररावांनी तो पाचव्यांदा वाचला. पहिल्या दिवशी मिन्स्टर, म्हणजे तिथलं ते भलंमोठं चर्च. दुसऱ्या दिवशी जुन्या तटबंदीवरून चालणं, मग शॅम्बल्स नावाची अरुंद गल्ली. रोज दुपारी एक ते तीन आराम, आणि पुढे लिहिलेलं, ‘बाबांचे गुडघे’. घ्या! सातवा महिना लागलेल्या सुनेने गुडघेसुद्धा लक्षात ठेवले होते. सहा महिने अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाच्या घरी राहून नात केया सांभाळली, आता घरी जाता जाता वाटेत इंग्लंड. बाळंतपणाला आसावरीची मावशी यायची होती, ते आधीच ठरलेलं. छत्तीस वर्षं रेल्वेत टीसी म्हणून काढलेल्या बापाला वाफेच्या इंजिनांपुढे नेऊन उभं करणारा मुलगा लाखात एक, असं ते नागपूरला फोन करकरून सांगून बसले होते.

नागपूरला त्यांचे थोरले भाऊ होते, बाळदादा. वय चौऱ्याऐंशी, जूनपासून अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरांनी दिवाळीची खात्री दिली नव्हती. रोजच्या फोनवर दादांचा एकच प्रश्न असायचा, “रवी, कधी येतोस रे?” आणि रवींद्ररावांचं एकच उत्तर, “दसऱ्याला सोनं द्यायला हजर!” गणपती उठले तेव्हापासून मात्र दादांनी तो प्रश्न विचारणं सोडलं होतं. तारीख ठरली, म्हाताऱ्याचा जीव भांड्यात पडला, असं रवींद्रराव धरून चालले.

संध्याकाळची फ्लाइट होती. दाराशी दोन छोट्या बॅगा उभ्या होत्या. मोठ्या चार अजून वरच्या खोलीतच.

“निमिष, त्या बॅगा आण की खाली. आयत्या वेळी धावपळ नको.”

“मी बघतो त्यांचं,” लॅपटॉपमधून डोकं वर न काढता मुलगा म्हणाला.

बाहेर लाकडी डेकवर त्यांची बायको शरयू कुंडीतल्या मेथीला पाणी घालत होती. चार दिवसांपूर्वीच पेरलेली मेथी. “अगं, निघालीस ना तू? का विमानात घेऊन बसणार आहेस ती?” रवींद्ररावांनी उघड्या दारातून तिला चिडवलं. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई आज नुसती पाणी घालत राहिली.

आसावरीने तिकिटांचे प्रिंट आणून टेबलावर ठेवले. मुलाने काढलेलं तिकीट काय तपासायचं, म्हणून महिनाभर त्यांनी ते मागितलंही नव्हतं. पण हाताची सवय जाते कुठे? चष्मा नाकावर आला. इथल्या नेवार्कहून मँचेस्टर. बरोबर. तिथून यॉर्कची ट्रेन. बरोबर. शेवटचं पान. मँचेस्टर ते नेवार्क.

“निमिष, घोळ झालाय रे. मँचेस्टर ते नागपूर पाहिजे. हे कॅन्सल कर आधी.”

निमिषने लॅपटॉप मिटला.

“घोळ नाहीये, बाबा. व्हिजिटरला इथे एका वेळी सहाच महिने राहता येतं. बाहेर जाऊन परत आलं की नवे सहा महिने मिळतात. इथे सगळ्यांचे पेरेंट्स करतात असं. आसावरीच्या मावशीचा व्हिसा रिजेक्ट झाला. डिलिव्हरी आहे, केया आहे, आम्ही काय करणार? आणि हे बघा, परत येताना ऑफिसरने विचारलं तर साइटसीइंग म्हणायचं. बेबीसिटिंग हा शब्द काढायचा नाही.”

“आणि दादा?”

“मोठ्या काकांना नर्स आहे ना तिथे.”

 रवींद्रराव तडक डेकवर गेले. शरयूने मान वर केली नाही.

“तुला माहीत होतं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता,” ती म्हणाली. “आणि पोरीला आई नाही हो. मी कशी जाऊ तिला टाकून?”

गाडीच्या संडासात लपलेले, बाकाखाली शिरलेले, झोपेचं सोंग घेतलेले, सगळे फुकटे त्यांनी नुसत्या चेहऱ्यावरून धरले होते. आणि घरातल्या तीन माणसांचे चेहरे महिनाभर समोर असून त्यांना काही कळलं नाही. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हातातला कार्यक्रम त्यांनी चुरगळला. मग ‘गुडघे’ हा शब्द दिसला आणि तो फेकवेना.

त्यांनी फोन लावला. नागपूरला तेव्हा संध्याकाळ होती. नर्सने फोन दादांच्या कानाशी धरला.

“दादा, इकडे जरा... तिकिटाचं थोडं गडबडलंय बघ. दसऱ्याला मागेपुढे होईल. पण मी येतो. तू काळजी करू नकोस, मी...”



“मला माहीत आहे रे, रवी,” दादा सावकाश म्हणाले. “शरयूने गणपतीतच सांगितलं. म्हणून तर विचारायचं सोडलं मी.”