एका झटक्यात निघणारे बूट

"हे बूट चालणार नाहीत," सेफ्टीचे साहेब हातातलं पेन खाली रोखून म्हणाले. "यांच्यावर शिक्का कुठाय? कंपनीचे बूट घालून या, नाहीतर घरी जा."

भट्टीवाला फाउंड्रीच्या गेटात उभा होता. मागे सकाळच्या पाळीची रांग. त्याच्या पायात नवेकोरे, पोटरीपर्यंत उंच, जाड चामड्याचे बूट होते. लेस नाही, बक्कल नाही, फक्त ओढून चढवायला वर चामड्याचे दोन कान.

"साहेब, कंपनीच्या बुटांना लेस आहे."

"असणारच. लेसने बूट पायाला घट्ट बसतो. शिक्का काय उगाच मिळतो?"

भट्टीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घट्ट बसतो हे त्याला कोणी सांगायला नको होतं. महिन्यापूर्वी त्याच्या मेहुण्याच्या बुटात वितळलेल्या लोखंडाचा रस उडाला आणि बूट वेळेत निघालाच नाही. मेहुणा अजून दवाखान्यात होता, तिसऱ्या ऑपरेशनची वाट बघत. आणि याच साहेबांनी, बहुतेक याच पेनाने, अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून हात झटकले होते. भट्टीजवळ कधी पाच मिनिटं उभा न राहिलेला माणूस उंटावरून शेळ्या हाकतो, आणि ज्याचं पाऊल भाजलं त्याने मान खाली घालायची. मेहुण्याला इथे चिकटवलं होतं भट्टीवाल्यानेच. घरी बायको त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हती, तेच त्याला जास्त लागत होतं.

म्हणून तर तो बूटवाल्या काकांकडे गेला होता. काका हाताने बूट शिवायचे. माप घेताना गिऱ्हाइकाच्या दोन्ही हातांत वाळूने भरलेल्या बादल्या द्यायचे. ओझ्याखाली पाय पसरतो, आणि कामाचा बूट पसरलेल्या पायाला बसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. भट्टीवाल्याने बादल्या धरूनच सांगितलं, "काका, बूट एका झटक्यात निघाला पाहिजे."

काकांनी पट्टी खाली ठेवली. "चाळीस वर्षं पायाला धरून राहणारे बूट केले मी. पायातून उडणारा बूट केला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

मग भट्टीवाल्याने मेहुण्याचं सांगितलं. काकांनी पट्टी पुन्हा उचलली. त्यांनी टाच तीनदा बदलली. तिसऱ्या खेपेला भट्टीवाला दुकानात दहा फेऱ्या चालला, बूट जागचा हलला नाही. मग त्याने पाय झटकला, आणि बूट समोरच्या आरशावर जाऊन आदळला.

"आता बरोबर बसला," काका म्हणाले.

"बाजूला व्हा," साहेब आता गेटात म्हणत होते. "तुमच्यामुळे रांग खोळंबलीय."

भट्टीवाला बाजूला झाला नाही. त्याने उजवा पाय झटकला. बूट सरळ साहेबांच्या टेबलाखाली गेला. मोजा घातलेलं पाऊल त्याने सिमेंटवर टेकवलं.

"माझा निघाला. आता तुमचा काढा."

"काय?"

"तुमच्या पायात शिक्क्याचेच आहेत ना? आत रस उडालाय असं समजा. काढा. मी मोजतो."

साहेब रांगेकडे बघून हसले. रांगेत कोणी हसलं नाही. मग त्यांनाही माघार घेता येईना. "दोन सेकंदांचं काम," असं म्हणत ते पेन खिशात खोचून खाली वाकले.

"एक," भट्टीवाला म्हणाला. आवाज चढवला नाही. "दोन."

पाचला मागून कोणीतरी आवाज मिळवला. दहापर्यंत सगळी रांग मोजत होती. साहेबांनी घाईत लेसचं भलतंच टोक ओढलं. अठरा. पेन खिशातून पडून घरंगळत गेलं, ते कोणी उचललं नाही. त्यांनी दुसऱ्या बुटाने टाच रेटून पाहिली, फटीत बोट घालून पाहिलं. एकतीस. त्यांची मान लाल झाली होती. चाळीसला रांग आपणहून थांबली.

साहेब एका गुडघ्यावर तसेच बसून होते.

"गाठ बसलीय," ते म्हणाले.

"हो," भट्टीवाला म्हणाला. "मेहुण्याचीही बसली होती."