तिसाव्या दिवसाचा रकाना

मनुष्याला मृत्यूच्या उंबरठ्यावरून परत आणणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु परत आणलेल्याचे उरलेले दिवस कोणाचे, हा प्रश्न त्या पुण्याच्या पोटातच असतो. अतिदक्षता विभागातल्या यंत्रचालकापुढे तो एका सकाळी येऊन उभा राहिला.

रुग्ण छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा निवृत्त जुळारी होता. हृदय आणि फुफ्फुसे यांचे काम बाहेरून करणाऱ्या यंत्रावर यंत्रचालकाने त्याला एकोणीस दिवस सांभाळले होते. जुळारी त्यावरून जिवंत उतरला तेव्हा साऱ्या विभागाने टाळ्या वाजवल्या. त्याला आज अठ्ठावीस दिवस झाले होते आणि हृदय पुन्हा थकत चालले होते. हाती फार तर आठवडा आहे, हे मोठ्या डॉक्टरांनी कोणापासून लपवले नव्हते. गळ्यातल्या नळीमुळे जुळाऱ्याला बोलता येत नसे. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने त्याने एकच शब्द लिहून ठेवला होता : घरी.

त्याच्या पत्नीने घरी खिडकीपाशी पलंग हलवून घेतला होता. जाताना घालायचा निळा सदरा इस्त्री करून आणला होता. मोठे डॉक्टर मृदुपणे म्हणाले, घाई नको, अजून तीन दिवस जाऊ द्या, एकतिसाव्या दिवशी सकाळी खुशाल न्या. ते पुढच्या खाटेकडे वळताच तिने यंत्रचालकाला गाठले.

"दादा, तीन दिवसांत असं काय होणार आहे?"

काय होणार होते, ते यंत्रचालकाच्या हातातल्या वहीत होते. यंत्रावरून उतरलेल्यांच्या त्या नोंदवहीत शेवटचा रकाना होता : 'तिसावा दिवस पुरा केला?' तिथे 'होय' पडले, तरच रुग्ण वाचला असे धरत. त्या वर्षी उतरलेल्या नऊ जणांत 'होय' दोघांपुढेच होते. घरी नेल्यावर मध्येच काही झाले, तर जुळाऱ्यापुढे 'नाही' लिहावे लागणार होते.

"थोडी ताकद येईल, काकू," तो म्हणाला.

तिचा चेहरा उजळला. ती औषधे आणायला खाली गेली. यंत्रचालक खाटेशी उभा राहून नाडी टिपू लागला, तेव्हा जुळाऱ्याने पुठ्ठा पुढे केला.

"तुरुंगातसुद्धा कैद्याला सुटकेची तारीख कशी ठरली ते सांगतात."

यंत्रचालक चपापला. पेन्सिल पुन्हा सावकाश चालली.

"चाळीस वर्षं उलटे खिळे वाचून जुळवले. तुमची वही मला उलटी दिसते, म्हणून वाचता येत नाही असं समजू नका."

वही मिटून आता काही उपयोग नव्हता. यंत्रचालक खालमानेने म्हणाला, "मी साहेबांशी बोलतो. आजच गाडी मागवतो."

जुळाऱ्याने दाराकडे पाहिले. मग लिहिले, "बोला. पण हिला वहीचं कळू देऊ नका. ती तुम्हाला देव मानते. तेवढं तरी राहू दे तिच्याजवळ."

दुपारी यंत्रचालक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेला. आत परिषदेसाठी आकडे मांडणे चालले होते. त्याला पाहताच डॉक्टर प्रसन्न झाले. "ये, ये. तुझा जुळारी धरला तर तीन होतात बघ."

"हो, साहेब," तो म्हणाला, आणि परत फिरला.

त्यानंतर जुळाऱ्याने पुठ्ठा पालथा घालून ठेवला. यंत्रचालक नाडी टिपायला आला की तो डोळे मिटून घेई.

एकतिसाव्या दिवशी सकाळी पत्नीने त्याला निळा सदरा चढवला. तीन बटणे लावून झाली होती, घरी सोडण्याच्या कागदावर एक सही राहिली होती, आणि तेवढ्यात तो गेला. रकान्यात 'होय' आदल्याच दिवशी लिहून झाले होते.

पत्नी बाहेर आली तेव्हा यंत्रचालक भिंतीला टेकून उभा होता. आजवर ती त्याला अहोजाहो करीत आली होती. आज तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू थांबवलंस, म्हणून ते एवढे तरी राहिले," ती म्हणाली. "औक्षवंत हो, बाळा."