लग्नातला कोट

"हा काटा खोटा आहे," तो वजनकाट्यावर उभ्या उभ्याच म्हणाला.

नर्सने आकडा टिपून घेतला. "काका, वजन छान उतरतंय. काट्यावर कशाला राग काढता?"

"मग हा कोट सैल का होत नाही?" त्याने कोटाची बटणं लावून दाखवली. "लग्नातला आहे. तेव्हाही असाच बसायचा, आजही असाच बसतो. तुम्ही माझं पोट कापून एवढंसं केलंत आणि कोटाला त्याचा पत्ताच नाही?"

नर्स हसली. बायको हसली नाही. ती पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

तो वीज कंपनीत मीटर तपासायचा. फिरवलेली मीटरं पकडण्यात त्याची हयात गेली होती. सीलची तार जराशी वाकडी दिसली, की बाकीचं घर त्याला न सांगता कळायचं. मग तो एकच प्रश्न विचारायचा, "यात हात कोणी घातला?" आजवर एकही माईचा लाल "मी" म्हणाला नव्हता. त्यामुळे माणसांवरचा त्याचा विश्वास उडाला होता, आकड्यांवरचाही. उरला होता तो फक्त कोटावरचा.

आपण लग्नापासून असेच, आमचं हाडच जाड, असं तो सगळ्यांना ठणकावून सांगायचा. पुरावा हाच कोट. लग्नाचा फोटो दाखवावा, तर तो बायकोने फ्रेम बदलायला दिला होता आणि फ्रेमवाला म्हणे दुकान बंद करून पसार झाला. बाकीचे कपडे तीच घरी शिवायची. लोकांचे कपडे शिवण्यावरच तर तिची चार पैशांची कमाई होती. पुढे जिना चढताना त्याला धाप लागू लागली, साखर वाढली, डॉक्टरांनी खडसावलं. मग ऑपरेशनच्या आधी तो दोन आठवडे नुसत्या पातळ खाण्यावर राहिला. ऑपरेशननंतर वाटीभर खाणं, तेही चावून चावून, आणि जेवताना पाण्याचा थेंब नाही. एवढं सगळं निमूटपणे करूनही कोट जिथल्या तिथे.

शेजारी म्हणायचे, "किती बारीक झालात!" यांना बायकोने पढवलंय, त्याने ओळखलं. आरशात गाल बसलेले दिसायचे. तो अशक्तपणा. आणि बायकोचं तर काहीतरी शिजत होतंच. तो खोलीत शिरला की तिचं शिवणयंत्र थांबायचं. बाहेरून आला की ती कोट घ्यायला हात पुढे करून उभी.

"द्या, धुऊन टाकते."

"अगं, परवाच धुतलास ना?"

"घामाचा वास येतोय."

शेवटी त्याने स्वतःच उपाय शोधला. सूपची वाटी तो गुपचूप सिंकमध्ये ओतू लागला. डॉक्टरांनी दिलेली प्रोटीनची पावडर खिडकीतल्या कुंडीत जाऊ लागली. काटा काय, कोणीही फिरवील. कोट कोण फिरवणार? तो सैल झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

आठवड्याभरात तो एका इमारतीच्या मीटरांसमोर चक्कर येऊन खाली बसला. सोबतच्या सहकाऱ्याने त्याला भर दुपारी घराच्या दारात आणून सोडलं. दार लोटलेलंच होतं. आत यंत्र चालू होतं, आणि त्याच्या सुईखाली उलटा केलेला कोट.

बायको दचकली. तो भिंतीला धरून बघतच राहिला.

"तू... तू कोट आवळतेयस?" तो खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा हसला. "अगं, म्हणजे मी खरंच बारीक झालोय! मग हे लपवायचं कशाला?"

तिने कोट स्वतःकडे ओढला. तोवर त्याने बाही पकडली होती, आणि एवढ्या वर्षांची सवय जागी झाली. त्याने शिवण उजेडात धरली. कोट पहिल्यांदाच आवळला जात असता, तर ताजी टीप कोऱ्या कापडावर पडायला हवी होती. ती पडली होती जुन्या भोकांवर. त्या ओळीशेजारी भोकांची आणखी एक ओळ होती, तिच्याशेजारी आणखी एक. काखेखाली एक पट्टी जोडलेली होती, रंगाने किंचित वेगळी. आवळण्याचं काम आत्ताचं होतं. त्याआधी कोणीतरी हा कोट वर्षानुवर्षं सैल करत आलं होतं.

त्याचं हसू मावळलं.

"यात हात कोणी घातला?"

"मी," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदाच त्याला या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि पुढे काय विचारायचं ते त्याला सुचेना.

"तुमच्या ऑफिसच्या समारंभात बटण तुटून पडलं होतं," ती सांगू लागली. "सगळे हसले. तुम्ही कितीतरी दिवस कोणाशी बोलला नाहीत. मला बघवेना, म्हणून मी जरासा उसवला. पुढच्या वेळी कोट बसला आणि तुम्ही इतके खूश झालात... मग थांबताच आलं नाही. आता तो अंगावर लोंबला असता, तर तुम्ही विचारलं असतं, इतकी वर्षं बसत कसा होता?"

"वेळेवर कळलं असतं, तर पोट कापायची पाळी आली नसती."

"हो," ती म्हणाली. "ऑपरेशन चालू होतं ना, तेव्हा बाहेर बाकावर बसून मी तेच म्हणत होते." तिच्या डोळ्यांतलं पाणी कोटावर पडलं. तिने ते पुसलं नाही.

त्याला खूप राग आला. ओरडावं असं वाटलं, पण अंगात तेवढी ताकद नव्हती. त्याने यंत्रावरची कात्री उचलली आणि तिच्या हातात ठेवली.

"सगळं उसव. लोंबू दे अंगावर," तो म्हणाला. "आणि आधी सूप गरम कर. आज ओतून देणार नाही."