निधनवार्ता बंद आहेत

"बंद म्हंजी? मानसं मरायची बंद झाली का?"

भामाबाईंनी हातातली पिशवी टेबलावर आदळली. रेडिओ केंद्राचा नवा मॅनेजर अविराज पुण्याहून आलेला, गोड बोलणारा. "आजी, तो कार्यक्रम मागच्या वर्षीच काढला. आता सलग गाणी. तुम्हाला कुठलं ऐकायचंय सांगा, लावतो."

भामाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गाणं लावतोय म्हणे, मुडदा बशिवला ह्याचा.

हेच ते केंद्र. इंदापूर रस्त्याला, सोसायटीच्या गोदामावर सुरू झालं, तेव्हा उसातल्या हुमणी किडीपासून दुधाच्या फॅटपर्यंत सगळं सांगायचं. भामाबाईंनी स्वतः इथं येऊन जात्यावरची गाणी म्हटली होती. आणि रोज सकाळी, धारा उरकल्या की, इथली निवेदिका माधवी निधनवार्ता वाचायची. बाई गेली असली तर आधी तिचं नाव, मग माहेर, मग सासर. घरची माणसं कितीही घाईत असोत, माहेर विचारल्याशिवाय माधवी बातमी घ्यायची नाही. लांब दिलेल्या लेकींना त्यावरूनच कळायचं, आपल्यातली कोण गेली. मग एक शहाणा आला, म्हणाला शेती पुरे, वाढदिवस घ्या. दुसरा आला, म्हणाला वाढदिवस पुरे, फर्माईश घ्या. आणि आता हा. ह्याला माणूस बोललेलंच नको होतं. माधवीला त्यानं काचेपलीकडं नुसत्या जाहिराती लावायला बसवलं होतं.

"माझी द्वारकी गेली," भामाबाई म्हणाल्या.

मोरगावच्या एका आळीत चौघी वाढल्या. भामा, द्वारका, भागी आणि छकुली. शेळ्या राखल्या, बाजरी खुडली, एकमेकींच्या उवा काढल्या. मग कोरडवाहूतल्या पोरी बागायतीत दिल्या, चौघी चार गावांना. काल भामाबाई साखरपुड्याला भिगवणकडं गेल्या होत्या. वाटेत द्वारकेचं घर लागलं म्हणून हौसेनं उतरल्या. ओसरीवर तिच्या फोटोला हार घातलेला. तेरावासुद्धा होऊन गेलेला. सून म्हणाली, "मावशी, तुमी दिसला न्हाय कुठं." त्या शब्दानं रात्रभर डोळा लागला नव्हता.

"भागी आन् छकुलीला आजून ठावं न्हाय," त्या आता म्हणाल्या. "द्वारकी हाय, आसंच धरून चालल्यात त्या. भागीला डोळं न्हाईत. फोन सुनंच्या हातात. तिच्या उशाला तुमचा रेडिओ असतोय. गाणी लागली तरी बंद करत न्हाय, कवातरी मानूस बोलंल म्हनून. आत्ताच्या आत्ता सांगा त्यावर."

"आजी, गाण्यात मध्येच मयताची बातमी दिली की लोक रेडिओ बंद करतात." अविराजनं खुर्ची मागं सारली. "आणि गरज काय आता? मोबाईलवर तासाभरात सगळ्या ग्रुपांना कळतं. तुमच्याही घरी आलं असणार."

भामाबाईंनी टेबलाची कड धरली.

भिंतीवरच्या स्पीकरमधलं गाणं मध्येच तुटलं. माधवी दार उघडून उभी होती.

"मावशी, आत या."

"मॅडम, हे चालणार नाही," अविराज उठला.

"मग उद्यापासून मी येत नाही," माधवी म्हणाली. तिनं भामाबाईंना आपल्या खुर्चीत बसवलं आणि माईक त्यांच्या तोंडाशी ओढला.

"भागे, छकुले, मी भामी बोलतीया. आपली द्वारकी गेली गं. तेरावा बी झाला." त्या थांबल्या. पदरानं नाक पुसलं. "हितला मॅनेजर म्हनतोय, मोबाईलवर समद्यांस्नी कळतं. खोटं न्हाय बोलत त्यो. माझ्या घरी आलं व्हतं. तुमच्या बी आलं आसंल. 'विजयसिंह आबा यांच्या मातोश्रींचं दुःखद निधन.' माझ्या नातवानं मोठ्यानं वाचून दावलं. आबाची पदं व्हती, भावांची नावं व्हती, नातवंडांची व्हती. जी मेली तिचं न्हवतं. द्वारकीच्या पोराला आपुन जल्मभर भोप्याच म्हनत आलो. त्यो विजयसिंह आबा कवा झाला, कुनाला ठावं."

काचेपलीकडं अविराज खाली बसला होता.

"मी म्हनलं, आसंल कुनाची तरी आई," भामाबाई म्हणाल्या. "आन् चहा पीत बसले."