अनुसूयेचे लाल शेरे

तिन्ही कॉलरी उलट्या लागल्या होत्या. शिवण बाहेर, टोकं आत. मॅनेजर पुरुषोत्तमने ते तिन्ही शर्ट विश्वासरावांच्या टेबलावर आपटले.

"जेवणाच्या सुट्टीच्या आत त्या अनुसूयेचं नाव कमी करा, विश्वासराव. नाहीतर मी तुमचं करतो. गेटावर पार आनेकलपासून आलेल्या बायका उभ्या आहेत. इथे काय अन्नछत्र उघडलंय?"

विश्वासराव राजाजीनगरच्या त्या शर्टांच्या कारखान्यात बारा वर्षं सुपरवायझर होते. घरात मराठी, लाइनीवर कन्नड. त्यांच्या खिशात एक वही असे. जिची चूक तिच्या नावापुढे लाल शेरा, तारखेसकट. बाई खोटं बोलेल, वही बोलणार नाही, असं ते म्हणत. साठ बायकांचे स्वभाव आपल्याला पाठ आहेत, अशीही त्यांची समजूत होती. आता त्यांनी चष्मा लावला आणि अनुसूयेचं पान काढलं.

तिला घेतलं होतं त्यांनीच. दीड वर्षापूर्वी ती शेजारणीच्या मशीनवर शिवलेली बाजारची पिशवी घेऊन आली होती. पिशवीचा एक बंद दुसऱ्यापेक्षा दोन बोटं लांब.

"शिवणकाम येतं?" त्यांनी विचारलं होतं.

"पिशवी येते, अण्णा."

पिशवी येत नव्हती हे दिसतच होतं. पण उत्तर मराठीत आलं आणि विश्वासराव विरघळले. तिला खिशाच्या मशीनवर बसवलं.

पहिले तीन आठवडे पान लालेलाल. खिसा तिरका, खिसा पोटावर, एकदा तर खिसा चारी बाजूंनी बंद. मोटारीच्या मशीनवर पाय ठेवला की कापडाआधी तीच पुढे जायची. पण बाई चिवट. डबा खाऊन झाला की सुईतला दोरा काढायची आणि जुन्या कागदावर नुसत्या सुईने रेघा मारत बसायची. सरळ, मग गोल, मग कोपरा. चौथ्या आठवड्यापासून पान कोरं. दोन महिने एक शेरा नाही. खिसा असा, की पट्टी लावून बघावा.

आणि मग एका सोमवारी एकदम सात खिसे उलटे.

दुसऱ्या सुपरवायझरने तिला त्याच दिवशी काढलं असतं. पण विश्वासरावांचा एक सिद्धान्त होता. प्रत्येक हाताचं एक मशीन ठरलेलं असतं, ते सापडेपर्यंत हात फिरवायचा. लाइनीवर कुणी ना कुणी सोडून जातच असे, रिकामं मशीन मिळे. त्यांनी तिला कफावर टाकलं.

कफाचीही तीच कथा. आधी लाल, मग कोरं, मग एका सोमवारी पुन्हा लाल. तिथून बाही. तिथून खांदा. तिथून बगल. आता कॉलर.

"अनुसूयक्का," उल्का सगळ्यांदेखत चिडवायची, "सगळ्या मशीनींना नमस्कार करून येणार काय गं? एका ठिकाणी बस की!"

उल्का एका ठिकाणी बसली होती. सहा वर्षं डावा कफ. तिचा हात इतका बसला होता की तिला तिथून हलवायची कुणाची छाती नव्हती. चांगला हात मशीनवरून उठवायचा नाही, हा लाइनीचा नियमच. तिच्या डाव्या कफाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. स्वतःचा ब्लाउज मात्र ती शिंप्याकडे टाकायची.

विश्वासरावांनी पान वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. हात चांगला, डोकं ठिकाणावर, नागा एक नाही. मग बिघडतं काय? बाईचं मन रमत नसावं, असा त्यांनी निकाल दिला. त्यांना वाईट वाटलं. सिद्धान्ताचं थोडं जास्त वाटलं.

त्यांनी तिला टेबलाशी बोलावलं. मशीनी चालूच होत्या, त्यामुळे त्यांना ओरडून बोलावं लागलं. ओरडून दिलगिरी व्यक्त करणं जड जातं.

"काल दिवसभरात शंभर कॉलरी लावल्यास तू. एक टाका हलला नव्हता. आज सकाळी तीन उलट्या. काय म्हणायचं याला?"

तिने उलट्या कॉलरींकडे पाहिलं. चूक केलेलं माणूस जसं पाहतं तसं नव्हे. काम कसं झालंय हे पाहावं, तसं.

"मी तुला पाच ठिकाणी फिरवलं, अनुसूया. दुसरा कुणी फिरवता ना. आता माझ्या हातात काही नाही. साहेब माझंच नाव काढायला बसलाय." त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं. "सांग, काढू ना नाव?"

"काढा की. तुमच्यावर कशाला येऊ द्यायचं?"

रडणं, पाया पडणं, घरच्या अडचणी, हे सगळं ऐकायची तयारी करून बसलेल्या विश्वासरावांचं पेन नावावर टेकलं आणि तिथेच राहिलं.

"फक्त स्वल्प थांबा, अण्णा," ती वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली. "एक महिना मला काज-बटणाच्या मशीनवर टाका. शर्टातलं तेवढंच शिकायचं राहिलंय. ते आलं की मीच नाव काढायला सांगेन. नाहीतर माझ्या गिऱ्हाइकांनी काय उघड्या छातीनं फिरायचं?"