आखाड्यावरचं घर

“आज इंग्रजी नाही, इटालियन बोलायचं,” बार्धिलने चालता चालता बजावलं. “इटलीतल्या बारीहून पाहुणे आलेत, पैसा घालणारी माणसं आहेत. आणि घरांविषयीचं ते वाक्य गाळू नकोस. त्याच्यासाठीच तर आणलंय त्यांना.”

वाल्बोना गटाच्या पुढे चालू लागली.

निम्मी फेरी झाली होती. अल्बानियातल्या दुर्रेसचं बंदर मागे पडलं, जुनी तटबंदी झाली, रोमन चौकातल्या खांबांना टेकून सगळ्यांनी फोटो काढून घेतले. आता पावलं रोमन आखाड्याकडे वळली होती. त्या आखाड्यात एके काळी माणसं जनावरांशी झुंजायची आणि अख्खं शहर पायऱ्यांवर बसून बघायचं. पुढे तो मातीखाली गेला, लोक त्याला विसरले, वर घरं उभी राहिली. खाली काय आहे हे कळलं ते अलीकडे, खोदकाम झालं तेव्हा. तरी वरच्या कडेला काही घरं तशीच राहिली. त्यातलं एक वाल्बोनाच्या आईचं.

आजूबाजूची घरं बार्धिलने एकेक करून घशात घातली होती. तिथे त्याला हॉटेल काढायचं होतं. गच्चीवर बसून, खाली आखाडा बघत पाहुण्यांनी वाइन प्यायची. आई, सादेते, तेवढी बधत नव्हती. “नवरी होऊन या दारातून आत आले,” ती म्हणायची, “बाहेर जाईन ती चौघांच्या खांद्यावरून.”

म्हणून तर त्याने लेकीला वाटाडी म्हणून कामावर घेतलं होतं. “आईला समजाव,” हे पालुपद रोजचंच. आणि एक वाक्य त्याने तिच्या तोंडी बसवलं होतं: ‘वर दिसतात ती घुसखोरांची घरं, लवकरच पाडली जातील.’

वाल्बोना ते म्हणत आली होती. नवरा कामासाठी ग्रीसला गेला, तो तिकडचाच झाला. पदरात दोन पोरं. सुरुवातीला जीभ अडखळायची, मग सवय झाली. ती इंग्रजीतून वाक्य म्हणायची, वर बोट दाखवायची आणि खिडकीत उभी असलेली आई हसून हात हलवायची. लेक आपली ओळख करून देतेय, असंच तिला वाटत असणार. पाहुणेही हात हलवायचे. संध्याकाळी आई गरम ब्युरेक पुढ्यात ठेवून विचारायची, “आजचे कुठले होते गं?” पालक-चीज भरलेला घास तोंडात असतानाच वाल्बोना देशाचं नाव सांगून मोकळी व्हायची. आईला इंग्रजी येत नाही, एवढाच काय तो आधार.

पण इटालियन तिला येत होतं. कम्युनिस्ट राजवटीत परदेशी वाहिनी बघितली तर माणूस तुरुंगात जायचा, त्या काळात सादेते आणि तिचा नवरा दारं-खिडक्या लावून, आवाज बारीक करून इटलीचा टीव्ही बघायचे. त्या भाषेतली गाणी आई अजून भांडी घासताना गुणगुणायची.

मंडळी कठड्याशी थांबली. वर खिडकीत सादेते चादरी वाळत घालत होती. लेकीला बघून तिने हात उंचावला.

वाल्बोनाने आखाड्याची माहिती दिली, भुयारं दाखवली, भिंतीतलं छोटं प्रार्थनागृह दाखवलं. सांगण्यासारखं सगळं सांगून संपलं. बार्धिल खाकरला.

“आणि वर...” ती म्हणाली.

गटातल्या एका वयस्क बाईंनी वर बघत विचारलं, “त्या कोण?”

“घुसखोर,” बार्धिलनेच इटालियनमध्ये, चांगलं खणखणीत उत्तर दिलं. “उन्हाळ्यापर्यंत गेलेली असेल.”

खिडकीतला हात थबकला. पण खाली आला नाही.

“ती माझी आई आहे!” वाल्बोना म्हणाली. इटालियनमध्येच, आणि इतक्या जोरात की आखाड्याच्या दगडांनी आवाज झेलून परत फेकला. “घुसखोर नाही. हे घर माझ्या आजोबांनी बांधलं, तेव्हा खाली काय आहे हे देवालाच ठाऊक होतं. उद्या सरकारला खोदायचं असेल तर सरकारशी बोलू. या साहेबांना मात्र खोदायचं नाही. त्यांना इथे दारू विकायचीय.”

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. बार्धिलचा चेहरा लाल झाला. तो तिच्या कानाशी येऊन आपल्या भाषेत पुटपुटला, “पोरांना काय खायला घालशील? उद्यापासून तोंड दाखवू नकोस.”

“दाखवणार. इथेच दाखवणार,” ती म्हणाली. “नोकरी तुमची होती, घ्या परत. आखाडा तुमच्या बापाचा नाही. उद्या याच कठड्याशी उभी राहीन, आणि ज्याला ऐकायचंय त्याला हेच सांगेन.”

बार्धिल पाहुण्यांना घेऊन गाड्यांकडे निघाला. त्या वयस्क बाई तेवढ्या मागे रेंगाळल्या. त्यांनी वर बघून मान लववली आणि मग गेल्या.

वाल्बोना एकटीच उरली. वर बघायचा तिला धीर होईना. आज आईला एकदाच ऐकावं लागलं. आपण मात्र ते किती वेळा म्हटलंय, हे तिला कुठे माहीत आहे!

“वाल्बोना!” वरून हाक आली. सादेते दोन्ही कोपरं खिडकीवर टेकून वाकली होती आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होती. “झकास बोललीस! आता उद्यापासून इंग्रजीतही हेच सांग. इतके दिवस काय सांगत होतीस, ते मला कळत होतं.”